एक न सापडलेला पोस्टमॉर्टेम रिपोर्ट



आरोग्याच्या ब्लॉगवर कोर्टकचेरीचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण आजच्या खटल्यात एक वैद्यकीय कागद फार महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच फाइलमध्ये नव्हता.

त्या रात्री काय झालं?

मध्य अमेरिकेत होंडुरास नावाचा छोटा देश आहे. 28 जून 2009 रोजी तिथल्या लष्करानं राष्ट्राध्यक्ष मान्युएल सेलाया यांना पदच्युत करून देशाबाहेर पाठवलं. त्याच रात्री संचारबंदी लागू झाली. सान पेद्रो सुला शहरात व्हिकी हर्नांडेझ ही 26 वर्षांची ट्रान्स स्त्री त्या रात्री बाहेर होती. (जन्माच्या वेळी जिची नोंद मुलगा म्हणून झाली, पण जी स्वतःला स्त्री म्हणून ओळखते आणि तशी जगते, ती ट्रान्स स्त्री.) व्हिकी देहविक्रय करून पोट भरत असे आणि ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांसाठी एका संघटनेत कामही करत असे. पोलिसांची गाडी दिसल्यावर ती आणि तिच्या मैत्रिणी पळाल्या. सकाळी रस्त्यावर तिचा मृतदेह सापडला. तिला गोळी लागली होती.

तपास नावापुरताच झाला. कागदोपत्री तिची नोंद पुरुष म्हणून झाली. ती कोण होती, कशी जगत होती, या कारणावरूनच तिला मारलं असेल का, हा प्रश्न तपासात विचारलाच गेला नाही. शवविच्छेदनाचा अहवाल तर फाइलमध्ये नव्हताच. तिला एचआयव्ही असल्याच्या कारणावरून शवविच्छेदन टाळलं गेलं, असं तिच्या बाजूनं न्यायालयात मांडण्यात आलं.

शवविच्छेदनानं काय कळलं असतं?

खूप काही. गोळी कुठून शिरली आणि कोणत्या दिशेनं गेली, ते जखमेवरून समजतं. जखमेभोवतीची काजळी आणि दारूच्या कणांचे ठिपके पाहून ती किती अंतरावरून झाडली याचा अंदाज येतो. शरीरात गोळी सापडली, तर तिच्यावरच्या खुणा शस्त्राशी जुळवता येतात. आधी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाला होता का, तेही तपासता येतं. मृत्यूची अंदाजे वेळ कळते. संचारबंदीच्या रात्री ही वेळ फार मोलाची होती, कारण तेव्हा रस्त्यावर फिरण्याची मुभा मुख्यतः पोलीस आणि सैनिकांनाच होती.

एचआयव्ही हे शवविच्छेदन न करण्याचं कारण होऊ शकत नाही. विषाणू मृतदेहात काही दिवस टिकू शकतो, म्हणून काळजी घ्यावी लागते हे खरं. पण दुहेरी हातमोजे, चष्मा, मास्क, गाउन आणि धारदार हत्यारं जपून वापरणं, ही काळजी प्रत्येक मृतदेहाच्या बाबतीत घ्यायची असते. कुणाला कोणता संसर्ग आहे हे बाहेरून दिसत नाही. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली, तरी संसर्गाची शक्यता सरासरी हजारात तीन एवढीच असते. 72 तासांच्या आत औषधं सुरू केली, तर ती आणखी कमी होते. 2009 सालीही वैद्यकाला हे सगळं ठाऊक होतं.

सरकार कशासाठी जबाबदार?

"गोळी कुणी झाडली हेच माहीत नाही, मग सरकारला दोष कसा देणार?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर याच देशातल्या एका जुन्या खटल्यात आहे.

मान्फ्रेदो वेलास्केझ नावाचा विद्यार्थी 1981 साली होंडुरासमध्ये बेपत्ता झाला. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयानं 1988 साली त्या प्रकरणात सांगितलं की, गुन्हा खासगी माणसानं केला किंवा गुन्हेगार कोण ते कळलं नाही, तरी सरकार सुटत नाही. गुन्हा रोखण्यासाठी आणि त्याचा खरा तपास करण्यासाठी सरकारनं काय केलं, हे पाहिलं जाईल. 2009 साली मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझच्या खटल्यात न्यायालयानं हेच तत्त्व स्त्रियांवरच्या हिंसेला लावलं. मुली हरवल्याची तक्रार घेऊन आलेल्या आयांना पोलिसांनी हलक्यात घेतलं होतं. हे दुर्लक्ष म्हणजे भेदभावच, असं न्यायालय म्हणालं.

व्हिकीचा निकाल 2021 साली लागला. तोवर जवळपास बारा वर्षं लोटली होती आणि कुणालाही शिक्षा झालेली नव्हती. तपासातली चूक होंडुरासनं मान्य केली, पण न्यायालय त्याच्या पुढे गेलं. संचारबंदीत रस्ते कुणाच्या ताब्यात होते, ट्रान्स स्त्रियांशी पोलीस आधीपासून कसे वागत होते आणि तपास कसा झाला, हे सगळं एकत्र पाहून या मृत्यूत सरकारी माणसांचा हात असल्याची पुरेशी चिन्हं आहेत, असा निष्कर्ष त्यानं काढला. आम्ही डॉक्टरही असाच विचार करतो. एखादी तपासणी झालेली नसली, तरी साथ कोणती चालू आहे आणि लक्षणं काय आहेत, यावरून निदानापर्यंत पोहोचतोच.

स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा 1994 सालचा बेलेम दो पारा करार ट्रान्स स्त्रियांनाही लागू होतो, असंही बहुमतानं ठरलं. दोन न्यायाधीशांचं मत वेगळं होतं. शिवाय न्यायालयानं सरकारला आदेश दिले: तपास पुढे चालवा, पोलिसांना प्रशिक्षण द्या, ओळखपत्रावर स्वतःची लिंगओळख नोंदवण्याची सोय करा, ट्रान्स स्त्रियांसाठी व्हिकीच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू करा.

9 मे 2022 रोजी राष्ट्राध्यक्ष सिओमारा कास्त्रो यांनी व्हिकीच्या आईसमोर सरकारच्या वतीनं जाहीर माफी मागितली. या कास्त्रो म्हणजे त्या दिवशी पदच्युत झालेल्या सेलायांच्या पत्नी.

आपल्याकडे काय?

ते न्यायालय अमेरिका खंडातल्या देशांपुरतं आहे. भारताला त्याचे निकाल बांधील नाहीत. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली, नाल्सा खटल्यात, स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. पण 2019 च्या कायद्यात ट्रान्स व्यक्तीवरील लैंगिक अत्याचारासाठी सहा महिने ते दोन वर्षं एवढीच शिक्षा ठेवली गेली. स्त्रीवरील बलात्काराला तेव्हाही किमान दहा वर्षं होती. हा फरक तुम्हीच पाहा. एचआयव्ही असल्यामुळे उपचार नाकारणं मात्र 2017 च्या कायद्यानं बेकायदा आहे.

एक व्यावहारिक सल्ला देतो. ओळखीच्या ट्रान्स व्यक्तीला मारहाण झाली, तर तिला एकटं पाठवू नका, तिच्यासोबत दवाखान्यात जा. प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी आणि वेळ केसपेपरवर लिहून घ्या आणि प्रत मागा. शक्य असेल तर अंगावरचे कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा.

आणि माझ्या डॉक्टर मित्रांनो, सरकारी रुग्णालयात आपण हातमोजे घालतो तेव्हा आपणही सरकारच असतो. व्हिकीच्या फाइलमध्ये जो कागद नव्हता, तो लिहिण्याचं काम एका डॉक्टरचं होतं.