विज्ञानपटाचा वाद्यवृंद

विज्ञानपटासाठी पूर्ण वाद्यवृंदाचे संगीत लिहिण्याची परंपरा 1936 च्या ‘थिंग्ज टू कम’ या ब्रिटिश चित्रपटापाशी ठळकपणे दिसू लागते. मूळ लेखक एच. जी. वेल्स यांच्या आग्रहाने त्याचे संगीत आर्थर ब्लिस यांच्याकडे आले. काही भाग चित्रीकरणाआधीच ध्वनिमुद्रित झाला. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी, 1935 मध्येच, त्यातील निवडक भाग लंडनच्या प्रॉम्स मैफलीत वाजलेही होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलिवूडने वेगळी वाट धरली. परग्रहाची गोष्ट सांगायची तर आवाजही ओळखीचा नको, असा विचार बळावला. ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ (1951) साठी बर्नार्ड हेरमन यांनी नेहमीचा तंतुवाद्यांचा ताफा बाजूला ठेवला आणि हात न लावता वाजणारी दोन थेरेमिन, विजेवरचे व्हायोलिन, हॅमंड ऑर्गन व पितळी वाद्ये घेतली. ‘फॉरबिडन प्लॅनेट’ने 1956 मध्ये वाद्यवृंदच वगळला. बेबे आणि लुई बॅरन या दांपत्याने विजेच्या मंडलांतून ध्वनी निर्माण केले. श्रेयनामावलीत मात्र त्या ध्वनींना संगीत न म्हणता ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ म्हटले गेले.

या इतिहासातला सर्वांत क्लेशदायक प्रसंग 1968 चा आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘2001: अ स्पेस ओडिसी’साठी अ‍ॅलेक्स नॉर्थ यांना बोलावले. नॉर्थ यांनी लंडनमध्ये अहोरात्र खपून चाळीस मिनिटांहून अधिक संगीत लिहिले. ताणाने ते इतके आजारी पडले की ध्वनिमुद्रणाला रुग्णवाहिकेतून आले आणि संचालन हेन्री ब्रँट यांनी केले. पुढे न्यूयॉर्कमध्ये चित्रपट पाहताना नॉर्थ यांना कळले की त्यांचा एकही स्वर त्यात नाही. कुब्रिक यांनी संकलनाच्या वेळी तात्पुरत्या लावलेल्या रिचर्ड श्ट्राउस, योहान श्ट्राउस आणि लिगेटी यांच्या रचनाच कायम ठेवल्या होत्या. त्या निवडीने चित्रपट अजरामर झाला हे मान्य करूनही, संगीतकाराला आधी न कळवणे हा अन्यायच होता. नॉर्थ 1991 मध्ये वारले. त्यांचे संगीत संगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांनी 1993 मध्ये नव्याने ध्वनिमुद्रित केले.

‘स्टार वॉर्स’च्या वेळी जॉर्ज लुकस यांच्याही मनात आधी जुन्याच अभिजात रचना वापरण्याचा विचार होता. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी त्यांची गाठ ‘जॉज’चे संगीतकार जॉन विल्यम्स यांच्याशी घालून दिली. विल्यम्स यांचे म्हणणे असे, की उसन्या रचनांना कथेबरोबर वाढता येत नाही; स्वतःच्या सुरावटी असतील तर पात्रांसोबत त्या बदलतील, परततील. हे तंत्र वाग्नर यांच्या संगीतनाट्यांतले. डोळ्यांना सारे अनोळखी दिसणार, म्हणून कानांना ओळखीच्या भावना मिळाव्यात, हा त्यामागचा हिशेब अचूक होता.

मार्च 1977 मध्ये इंग्लंडमधील डेनम येथील अ‍ॅन्व्हिल स्टुडिओत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने हे संगीत वाजवले. मुख्य ट्रम्पेटवादक मॉरिस मर्फी या वाद्यवृंदात नुकतेच आले होते; शीर्षकसंगीताच्या आरंभीचा तो झळाळता उंच सूर त्यांचा. दोन सूर्य मावळताना चित्रपटाचा नायक ल्यूक क्षितिजाकडे पाहत उभा राहतो, त्या दृश्यासाठी विल्यम्स यांनी आधी निराळे, अधिक काळवंडलेले संगीत लिहिले होते. लुकस यांना ते पटले नाही. नव्या रचनेत ल्यूकचा गुरू बेन केनोबी याची सुरावट एकट्या फ्रेंच हॉर्नवर येते, मग तंतुवाद्ये ती उचलून धरतात. ल्यूकच्या तोंडी तिथे एकही शब्द नाही. त्याची ओढ सगळी त्या हॉर्नमध्ये आहे. चित्रपटसंगीतात इतक्या थोड्या सुरांनी इतके काम क्वचितच झाले असेल.

चित्रपटाबरोबर आलेला दोन तबकड्यांचा संच लाखोंनी खपला आणि 1978 मध्ये विल्यम्स यांना ऑस्कर मिळाले. त्याआधीच, नोव्हेंबर 1977 मध्ये, मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक घेऊन हे संगीत हॉलिवूड बोलच्या खुल्या रंगमंचावर वाजवले आणि लगेच त्याची तबकडीही काढली. निर्मातेही पुन्हा वाद्यवृंदाकडे वळले. ‘सुपरमॅन’ (1978) साठी विल्यम्स त्याच लंडनच्या वादकांकडे गेले, तर 1979 मध्ये ‘एलियन’ आणि ‘स्टार ट्रेक’चा पहिला चित्रपट या दोन्हींचे वाद्यवृंदसंगीत गोल्डस्मिथ यांनी लिहिले.