जीप, महंमद आणि गॅरेजमधला उस्ताद

मुसलमानांच्या इतिहासाविषयी मराठीत लिहायला बसलं की लेखणी ठरलेल्या वाटांनीच जाते. सुलतान, किल्ले, सूफींचे दर्गे आणि फार तर स्वातंत्र्यलढा. ग्रीसने हात काळे झालेला माणूस या इतिहासात कुठे दिसत नाही. तो दिसला तो एका जुन्या जीपमुळे.

आम्ही तीन मित्रांनी भंगाराच्या भावात निघालेली एक एमएम 540 विकत घेतली. माळावर, ओढ्याच्या पात्रात आणि शेताच्या बांधावर फिरवायला तिची बग्गी करायची, तीही कमी पैशांत, एवढाच हेतू होता. पत्रा उतरला, सांगाडा उघडा पडला आणि आमच्या गप्पा इतिहासाकडे वळल्या. कारण या गाडीचं कूळ शोधत गेलं की वाटेत एक नाव लागतं, महंमद.

सुरुवात अमेरिकेतली. 1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने 135 कंपन्यांना पत्रं पाठवली. चारही चाकांना ताकद देणारी हलकी गाडी हवी होती आणि पहिला नमुना 49 दिवसांत द्यायचा होता. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने तो सप्टेंबरमध्ये वेळेत पोहोचवला. मोठं काम मात्र विलिस आणि फोर्ड यांच्याकडे गेलं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. 2.2 लिटरचं इंजिन, 60 अश्वशक्ती, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 80 इंच. खाली दोन लांब तुळयांचा शिडीसारखा सांगाडा, त्यावर पाटे आणि वर पत्र्याचं साधं खोकं. बिघडली तर रस्त्याकडेला, मोजक्या पान्यांनी दुरुस्त व्हावी अशी तिची रचना होती. हा साधेपणाच पुढे गरिबाच्या कामी आला.

ही जीप हिंदुस्थानात रुजवणाऱ्या कंपनीची स्थापना 2 ऑक्टोबर 1945 रोजी लुधियानात झाली. कैलाशचंद्र आणि जगदीशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम महंमद. कंपनीचं नाव होतं ‘महिंद्रा अँड महंमद’. सुरुवातीचा धंदा पोलादाचा होता. कैलाशचंद्र युद्धकाळात हिंदुस्थान सरकारच्या कामासाठी अमेरिकेत होते, तिथे त्यांनी जीप पाहिली होती. गुलाम महंमद लाहोरचे, अलीगढला शिकलेले, हिशेब आणि अर्थव्यवहारात मुरलेले. निझामाच्या हैदराबाद संस्थानातही त्यांनी अर्थखातं सांभाळलं होतं. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता, हे आपल्यापैकी किती जणांना आठवतं?

मग फाळणी झाली. गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1951 मध्ये गव्हर्नर जनरल. 1948 मध्ये कंपनीच्या नावातलं ‘महंमद’ जाऊन दुसरं ‘महिंद्रा’ आलं. ‘एम अँड एम’ ही आद्याक्षरं तशीच राहिली. इकडे 1947 मध्ये सुट्या भागांच्या रूपात 75 जीप आल्या आणि 1949 मध्ये मुंबईच्या माझगावात जोडणी सुरू झाली. म्हणजे ज्या वर्षांत माणसं तुटत होती, त्याच वर्षांत माझगावात एक गाडी जोडली जात होती.

गुलाम महंमदांना नायक करण्याचा माझा विचार नाही. 1954 मध्ये त्यांनी पाकिस्तानची संविधान सभा बरखास्त केली आणि तिथल्या लोकशाहीला जी खीळ बसली, ती पुढे सहज निघाली नाही. पण त्यांच्या आयुष्यातली आणखी एक तारीख मला विसरता येत नाही. 26 जानेवारी 1955. राजपथावरच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला भारताचे प्रमुख पाहुणे होते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल मलिक गुलाम महंमद. त्या काळात हे घडू शकत होतं. आज असं आमंत्रण कल्पनेतही येत नाही.

महाराष्ट्रात जीप आली ती सरकारची गाडी म्हणून. 1952 मध्ये सामूहिक विकास योजना सुरू झाली, 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावात धुरळा उडाला की साहेब आले, हे पोरांनाही कळू लागलं. बीडीओची जीप, सभापतींची जीप, निवडणुकीत भोंगा बांधलेली जीप. पुढे तीच जुनी होऊन लिलावात निघाली आणि गरिबाच्या दारात आली. पश्चिम महाराष्ट्रात ती वडाप झाली, मराठवाड्यात काळी-पिवळी. जिथे एसटी पोहोचत नव्हती तिथे ती पोहोचली. नऊ जणांच्या जागेत पंधरा जण घेऊन जाणारी ही गाडी सतत मोडायची. तिला पुन्हा उभं करणारा माणूस तालुक्याच्या गॅरेज गल्लीत बसलेला असायचा, आणि बऱ्याचदा त्याला सगळे ‘उस्ताद’ म्हणायचे.

आमचे उस्ताद साठीच्या पुढचे. आम्ही व्हिडिओ बघून गेलो होतो. कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्सने फोक्सवॅगन बीटलचा तळ सुमारे 14 इंच कापून, वर फायबरचं खोकं बसवून बग्गी बनवली आणि जगभर तशा बग्ग्यांचं वेड पसरलं. आम्हालाही आमची 91 इंचांची जीप कापून 80 वर आणायची होती. उस्ताद म्हणाले, “कापून मिळणार काय? गाडी आखूड झाली की खड्या चढाला मागं उलथती. वर शाफ्ट कापा, ब्रेकचे पाइप बदला, सांगाड्याला वेल्डिंगचा डाग द्या. पैसे जास्त, गाडी कमी.” त्यांनी फक्त मागच्या चाकांच्या पाठीमागे लोंबणारा भाग कापला. तेवढ्याने गाडी खड्ड्यातून वर येताना शेपूट घासायची थांबली.

स्वस्तातल्या बग्गीचं सगळं शास्त्र त्यांच्या एका हिशेबात होतं. जिथे जीव आहे तिथे पैसा, जिथे दिखावा आहे तिथे कात्री. दरवाजे, मागचा पत्रा, बाकडी, सगळं भंगारात गेलं. वजन घटलं, म्हणजे इंजिनाला हात न लावताच ताकद वाढल्यासारखी झाली. इंजिन आणि गिअरपेटी होती तीच ठेवली. ट्रान्स्फर केसचा लो गिअर टाकला की वेग निम्म्याहून खाली येतो आणि ओढ दुपटीहून वाढते. चिखलात आणि दगडांत उपयोग या ओढीचाच. पैसा गेला तो ब्रेकचा मास्टर सिलिंडर, स्टिअरिंगचे झिजलेले जोड, टायर आणि डोक्यावरचा पाइपचा पिंजरा यांवर.

पिंजऱ्यासाठी आमच्यातल्या एकाने नळाचा जीआय पाइप सुचवला, स्वस्त म्हणून. उस्तादांनी सरळ नकार दिला. तो पाइप पाणी वाहायला असतो, माणूस वाचवायला नाही. त्याच्या जस्तामुळे वेल्डिंग कच्चं राहतं आणि त्याचा धूर वेल्डरच्या छातीत जातो. जाड, बिनजोड पाइप आणला. पिंजऱ्याचे पाय पातळ पत्र्यावर न ठेवता थेट सांगाड्यावर घेतले, कारण गाडी उलटली तर पत्रा फाटून पाइप आत घुसतो. डिफरन्शियल वेल्ड करून दोन्ही चाकं कायमची बांधण्याचा जुगाडही त्यांनी नाकारला. चिखलात तो चालतो, पण कोरड्या कडक जमिनीवर वळताना टायर घासतात आणि एक्सलवर ताण येतो.

हे ज्ञान कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. त्यांच्या उस्तादाकडून त्यांच्याकडे आलं, त्यांच्याकडून शागिर्दाकडे चाललंय. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवलं होतं की मुसलमान कामगार पगारी नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त आहेत, आणि वाहनदुरुस्ती हा त्यांचा एक ठळक व्यवसाय आहे. या आकडेवारीकडे आपण मागासलेपणाचा पुरावा म्हणून पाहतो आणि ते खोटं नाही. दहा-बारा वर्षांचं पोर शाळा सोडून पाना हातात घेतं, त्यात गौरव करण्यासारखं काही नाही. पण त्याच पोराने चाळीस वर्षांत जे कमावलं, त्याला आपण ज्ञान म्हणायला तयार नाही, हा दुसरा अन्याय आहे. इंजिनिअरच्या नकाशाला मान आणि उस्तादाच्या कानाला नाही, असं का?

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे अशी बग्गी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. आमची शेतात आणि खासगी माळावरच फिरते, दुसरीकडे न्यायची तर ट्रॉलीवर चढवून. कायद्याचा हेतू मला मान्य आहे. कच्च्या वेल्डिंगची गाडी रस्त्यावर आली तर मरतो तो पायी चालणारा.

पण कायद्याने रस्ता बंद केला म्हणून इतिहास बंद होत नाही. जुन्या जीप आता झपाट्याने भंगारात चालल्या आहेत. नव्या गाड्या संगणक लावल्याशिवाय आपला आजार सांगत नाहीत, आणि नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारी पिढी थकली आहे. कंपन्यांचा इतिहास कंपन्या लिहून ठेवतात, आणि त्यात गुलाम महंमदांच्या वाट्याला निदान एक ओळ तरी येते. गॅरेज गल्लीतल्या महंमदांच्या वाट्याला तीही नाही. तुमच्या गावात असा कुणी उस्ताद असेल तर फोनवरचं रेकॉर्डिंग चालू करा आणि त्याला विचारा, पहिली जीप कुणाकडे शिकलात? त्या उत्तरात एका धंद्याची वंशावळ आहे. ती त्याच्याबरोबर कबरीत जाण्याआधी मराठीत उतरली पाहिजे.