आजीची शोमरोनी बाई

योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय आजीने ऐकला तो बायबलबाईच्या तोंडून, नेवाशाकडच्या आमच्या गावात. १८७६–७८च्या दुष्काळानंतर अमेरिकन मराठी मिशनकडे बाप्तिस्मा घेतलेल्यांत तिचे आजेसासरे होते. देव बदलला, विहीर तीच राहिली. गावाचं पाणी भरून झालं की भर उन्हात आमच्या बायका रिकामे हंडे घेऊन लांब बसायच्या. वरच्या आळीतल्या एखादीला दया आलीच, तर ती उंचावरून धार सोडायची, भांड्याला भांडं लागू न देता. महाडचा सत्याग्रह १९२७चा. ही आठवण त्याआधीची.

येशूने दुपारी याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, हे ऐकून आजी चमकली. ती सांगायची, “मागितलं म्हंजी तिच्याच भांड्यातनं पिणार! मला तिथंच समदं कळालं.”

शोमरोन्यांचं गरिज्जीम डोंगरावरचं मंदिर इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहूदी महायाजक आणि शासक योहान हिर्कानसने पाडलं होतं. ते वैर येशूच्या काळातही धुमसत होतं, शोमरोन्यांच्या भांड्याचाही विटाळ मानणारे होते. मी हे पुस्तकांतून शिकलो. आजी तिथे हंडा घेऊनच पोचली होती.

शहरातल्या चर्चमध्ये मात्र मी लहानपणापासून ऐकलं ते त्या बाईच्या पाच नवऱ्यांबद्दल. पतित बाई, म्हणून एकटी दुपारी आली, असं पाळक ठासून सांगायचे. मला ते वाचन अन्यायाचं वाटतं. येशू तिला पापी म्हणत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात सूटपत्र लिहून देणारा पुरुष. मूल नसलेल्या विधवेला दिराने करून घ्यायचं. पाच नवरे म्हणजे पाच मरणं असतील, किंवा टाकून देणं. आमच्या वस्तीत पाट लागायचे. प्लेगात नवरा गेलेली, मग दुसऱ्याने सोडलेली बाई आजीच्या शेजारीच राहायची. त्यामुळे आजीने त्या आकड्यावर बोट ठेवलं नाही. “लई सोसलं बाईनं,” एवढंच म्हणायची.

तिचं बोट भलतीकडेच होतं. त्या गावाने येशूला ठेवून घेतलं, तो दोन दिवस राहिला, असं योहान लिहितो. आजी प्रत्येक नव्या पाळकाला विचारायची, “दोन दिस ऱ्हायला, तर जेवला कुनाच्या घरी?”