परमँगनेट जांभळे, मँगनीज सल्फेट जवळपास रंगहीन : 'निषिद्ध' संक्रमण म्हणजे काय?

पोटॅशियम परमँगनेटचे चार-दोन कण ग्लासभर पाण्यात पडले तरी पाणी गुलाबी-जांभळे होते. मँगनीज सल्फेटचे विरल द्रावण मात्र पाण्यासारखेच दिसते. दोन्हींत धातू एकच, मँगनीज. मग रंगात एवढा फरक का?

पदार्थावर अतिनील किंवा दृश्य प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन ती ऊर्जा शोषून वरच्या पातळीवर जाऊ शकतो. यालाच इलेक्ट्रॉनीय संक्रमण म्हणतात. त्यासाठी प्रकाशाची ऊर्जा दोन पातळ्यांमधील फरकाइतकी असावी लागते. पण तेवढ्याने भागत नाही. संक्रमण किती सहज होईल हे निवड नियमांवर ठरते. नियमात बसणारे संक्रमण 'अनुमत', न बसणारे 'निषिद्ध'.

दोन मुख्य नियम

- स्पिनचा नियम : संक्रमणात इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटता कामा नये.
- लापोर्टचा नियम : रेणूला किंवा आयनाला सममिती केंद्र असेल, तर एका डी-कक्षकातून दुसऱ्या डी-कक्षकात जाणे निषिद्ध. भौतिकशास्त्रज्ञ ओटो लापोर्ट यांचे नाव या नियमाला मिळाले आहे.

मँगनीज सल्फेटच्या द्रावणात प्रत्येक मँगनीज आयनाभोवती पाण्याचे ६ रेणू असतात. त्याच्या ५ डी-कक्षकांत एकेक इलेक्ट्रॉन असतो आणि पाचांचे स्पिन एकाच दिशेचे. डी-कक्षकांमध्ये कोणतीही उडी घ्यायची तर स्पिन उलटावाच लागतो. म्हणजे दोन्ही नियम मोडतात.

परमँगनेटमध्ये मँगनीजजवळ डी-इलेक्ट्रॉन उरलेलेच नसतात. तिथे प्रकाशामुळे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडून मँगनीजकडे जातो. हे प्रभार-स्थानांतर संक्रमण अनुमत आहे. त्यामुळे ५२५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशात, परमँगनेटची मोलर शोषकता सुमारे २४०० भरते. मँगनीज सल्फेटच्या द्रावणात ती ०.१ च्याही खाली असते.

निषिद्ध म्हणजे अशक्य नव्हे

निषिद्ध संक्रमणाची शक्यता फार कमी असते, पण शून्य नसते. अणूंच्या कंपनांमुळे सममिती क्षणभर ढळते आणि लापोर्टचा नियम सैल होतो. स्पिन आणि कक्षीय गती यांच्या परस्परक्रियेमुळे स्पिनचा नियमही थोडा शिथिल होतो. म्हणूनच मँगनीज सल्फेटच्या स्फटिकांत फिकट गुलाबी छटा दिसते. मोरचुदाच्या निळ्या रंगामागेही लापोर्टच्या नियमाने निषिद्ध असलेले संक्रमणच आहे. तिथे स्पिनचा नियम मात्र मोडत नाही, म्हणून तो रंग अधिक ठळक असतो.

बारावीच्या प्रयोगात परमँगनेटच्या टायट्रेशनला वेगळा दर्शक लागत नाही, तो याच फरकामुळे. ब्युरेटमधून पडणाऱ्या परमँगनेटचे रूपांतर जवळपास रंगहीन मँगनीज आयनात होत राहते. अभिक्रिया पूर्ण झाल्यावर एखादा जादा थेंब पडला, की द्रावण गुलाबी होते.