ख्रिस्ती इतिहाससाधने, मराठी

मराठी भाषिक प्रदेशातील ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास ज्यांतून उलगडतो, असे ग्रंथ, नियतकालिके, दप्तरे, वास्तू व मौखिक परंपरा. या साधनांचे महत्त्व केवळ धार्मिक नाही. मराठी मुद्रण, स्त्रीशिक्षण, दुष्काळनिवारण व जातिव्यवस्थेतील स्थित्यंतरे यांचा अभ्यासही त्यांवाचून अपुरा राहतो.

साधने जपली न गेल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे क्रिस्तपुराण. टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाचा हा ओवीबद्ध ग्रंथ १६१६, १६४९ व १६५४ मध्ये रोमन लिपीत मुद्रित झाला. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने गोव्यात स्थानिक भाषांच्या वापरावर निर्बंध घातले. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. हस्तलिखित प्रतींमुळेच ग्रंथ वाचला. त्यांच्या आधारे जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली. पुढे लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती संपादिली.

प्रॉटेस्टंट पंथीयांची साधने मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यातून निर्माण झाली. या मिशनचे पहिले धर्मोपदेशक गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस आले. १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे केंद्र स्थापन झाले. मिशनच्या मुंबई येथील छापखान्यात मराठी अक्षरांचे खिळे पाडण्याच्या कलेची प्रगती झाली. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांनी आरंभी तेथेच काम केले होते. जून १८४२ मध्ये अहमदनगर येथे ज्ञानोदय हे नियतकालिक निघाले. धर्मप्रसार हा त्याचा हेतू असला, तरी त्याच्या अंकांत तत्कालीन समाजाचे विपुल दर्शन घडते. अहमदनगर येथील सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहिल्याचा जोतीराव फुले यांचा उल्लेख ज्ञानोदयच्या १८५३ च्या अंकातूनच मिळतो.

या मिशनच्या मूळ संस्थेची, म्हणजे अमेरिकन बोर्डाची, दप्तरे हार्व्हर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. ती बहुतांशी इंग्रजीत असून मिशनऱ्यांच्या दृष्टीने लिहिलेली आहेत. एतद्देशीय ख्रिस्ती माणसाचा अनुभव मात्र बाबा पदमनजी यांचे अरुणोदय व लक्ष्मीबाई टिळक यांचे स्मृतिचित्रे (१९३४–३६) यांसारख्या आत्मचरित्रांतून प्रकट होतो. ज्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत, अशा अस्पृश्य मानलेल्या जातींतील असंख्य कुटुंबांसाठी चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या अनन्यसाधारण ठरतात. अनेकदा पूर्वजांच्या नावांचा तोच एकमेव लेखी पुरावा असतो. यांच्या जोडीला उपासनेत गायिली जाणारी नारायण वामन टिळकांची पदे आणि कृष्णराव सांगळे यांनी लोकप्रिय केलेली ख्रिस्ती कीर्तनपरंपरा हा जिवंत वारसा आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होऊन विविध पंथांच्या मंडळ्या एकत्र आल्या. अशा संघटनात्मक बदलांच्या वेळी जुन्या दप्तरांचा सांभाळ कोणी करावयाचा, हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

या संदर्भात मेनोनाइट पंथाचे उदाहरण उद्बोधक आहे. १५२५ मध्ये झुरिक येथे उदयास आलेल्या, प्रौढ बाप्तिस्म्याचा आग्रह धरणाऱ्या चळवळीतून हा पंथ निघाला व मेनो सायमन्स (१४९६–१५६१) याच्यावरून त्यास नाव मिळाले. छळ व स्थलांतरे वाट्यास आल्याने हुतात्म्यांच्या कथा जतन करणे हे या पंथीयांनी कर्तव्य मानले. १६६० मध्ये डच भाषेत निघालेला हुतात्म्यांचा बृहद्ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरी वाचला गेला. भारतात रशियातून आलेले एब्राहम फ्रीझेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबाद संस्थानातील नळगोंडा येथे कार्य केले, तर अमेरिकन मेनोनाइटांनी १८९९ मध्ये धमतरी येथे केंद्र काढले. डोंगरकडा (आताचा हिंगोली जिल्हा) हा मराठवाड्याचा भागही त्याच संस्थानात होता. परंतु संस्थानातील मेनोनाइट मंडळ्या प्रामुख्याने तेलुगू मुलखात वाढल्या. त्यांचीही बरीच कागदपत्रे उत्तर अमेरिकेत गेली. तथापि जागतिक मेनोनाइट इतिहासमालेतील आशियाविषयक खंड (२०११) आशियाई लेखकांकडून लिहवून घेण्यात आला. आपला इतिहास आपण लिहावा, हे तत्त्व त्यामागे होते.

मराठीत श्री. म. पिंगे (युरोपियनांचा मराठीचा अभ्यास व सेवा, १९६०), अ. का. प्रियोळकर व गंगाधर मोरजे यांनी या साधनांचा पद्धतशीर शोध घेतला. मोरजे यांच्या ज्ञानोदयविषयक सूचिकार्यामुळे त्यातील मजकूर इतर विषयांच्या अभ्यासकांनाही सुलभ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आम्लयुक्त कागद कालांतराने ठिसूळ होतो व दमट हवा आणि कसर यांमुळे त्याचा नाश त्वरेने होतो. म्हणून सूचीकरण, छायाप्रती व अंकीय प्रती ही कामे एकमेकांस पूरक आहेत. मात्र प्रती काढल्या, तरी नोंदवहीतील नावे ओळखू शकणारी वृद्ध मंडळी हयात असतानाच त्यांच्या आठवणी नोंदविणे आवश्यक असते. कागद व स्मृती यांचा मेळ बसला, तरच नोंदीतील नावाला माणसाचे रूप येते.