नागिणीचा अर्धा विळखा

अंगात ताप नाही, कुठे मार लागलेला नाही, तरी एका बाजूची बरगडी दोन-तीन दिवस आग आग करते. मग पाठीच्या कण्यापासून छातीपर्यंत पाणीदार फोडांची ओळ उठते आणि मध्यरेषेवर येऊन थांबते. लुगड्याचा पदर टेकला तरी सहन होत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या गावात याला नागीण म्हणतात. सोबत एक भीतीही सांगितली जाते: तोंड आणि शेपूट जुळले की माणूस वाचत नाही. पुष्कळ घरांत आधी गेरूचा लेप लागतो, मग दवाखाना आठवतो.

या भीतीचे उत्तर रोगाच्या वाटेतच आहे, म्हणून हर्पीस विषाणूंच्या अभ्यासाला इथूनच सुरुवात करावी असे मला वाटते. ‘हर्पीस’ हा शब्द ग्रीक. त्याचा मूळ अर्थ सरपटणे. सरपटण्याची ही खूण आपल्या बोलीनेही अचूक टिपली आहे.

नागीण आणि कांजिण्या हर्पीस कुळातल्या एकाच विषाणूमुळे होतात, म्हणून वाचकांनी प्रथम कांजिण्या समजून घ्याव्यात. त्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीर सोडत नाही. कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो वर्षानुवर्षे निपचित राहतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती घटली की एखाद्या गाठीतून तो जागा होतो आणि त्याच तंतूने त्वचेवर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला पोहोचतो, म्हणून विळखा सहसा अर्धाच राहतो. इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर गावचे डॉक्टर एडगर होप-सिम्प्सन यांनी आपल्याच दवाखान्यातल्या 16 वर्षांच्या नोंदींवरून 1965 मध्ये ही मांडणी केली. ग्रामीण वैद्यकाला अभिमान वाटावा असे हे काम आहे.

पुढे प्रसाराचा भाग येतो. नागिणीच्या फोडांतल्या पाण्यामुळे दुसऱ्याला नागीण होत नाही. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोड झाकावेत आणि तान्ह्या बाळांना व गरोदर स्त्रियांना जपावे. ओठांवरचा आणि जननेंद्रियांवरचा हर्पीस याच कुळातला, पण त्यांचे विषाणू वेगळे. ते निकट स्पर्शातून पसरतात, कधी फोड दिसत नसतानाही. औषधाने ते आटोक्यात राहतात, समूळ जात नाहीत. हे रोग्याला स्पष्ट सांगावे. त्याच्या चारित्र्याची चौकशी करू नये.

उपचारात वेळेला मोल आहे. असायक्लोविरसारखे औषध फोड उठल्यापासून 72 तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. उशीर झाला म्हणून दवाखाना टाळू नये. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर थांबूच नये, दृष्टीला धोका असतो. वृद्धांमध्ये फोड सुकल्यावरही वेदना महिनोन्‌महिने रेंगाळू शकते. तिच्यावरही उपचार आहेत. पन्नाशीनंतर घेता येणारी प्रतिबंधक लस 2023 पासून भारतातही मिळते.

त्वचेच्या रोगाला न भिण्याचा धडा वर्धा जिल्ह्याने फार पूर्वी घेतला आहे. 1939 मध्ये कुष्ठरोगी परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केले. त्याच सेवाग्रामात 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे.

पुढची पाने तुम्ही सावकाश वाचा. पण घरात कुणाच्या अंगावर एका बाजूने अशी ओळ उठली, तर फोड दिसल्याचा दिवस टिपून ठेवा आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा.