कात्रणांची पाकिटं

अमेरिकेतल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या कचेरीत एक खोली असायची. तिला चक्क 'मॉर्ग' म्हणत. म्हणजे शवागार! छापून झालेल्या बातम्यांची कात्रणं तिथे पाकिटांत घालून ठेवत. पाकिटावर माणसाचं, गावाचं नाहीतर विषयाचं नाव. कुणी बडी असामी वारली, की मृत्युलेख लिहिणारा आधी तिकडे धावायचा. अडचण एकच. बातमीत मंत्री, धरण आणि गाव असे तिन्ही असले, तर एक कात्रण घालायचं कुठल्या पाकिटात? तीन प्रती कापा, नाहीतर दोन पाकिटांवर पाणी सोडा. आणि चुकीच्या पाकिटात गेलं, की ती बातमी खरोखरच मेली.

काँटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, थोडक्यात सीएमएस, हे नाव भारदस्त असलं तरी मुळात ती याच खोलीची वारस. फरक एवढाच, की इथे बातमी एकदाच साठवतात आणि तिला एक क्रमांक देतात. मथळा, बातमीदार, तारीख, विभाग, सगळ्याचे रकाने वेगळे. फोटोचाही क्रमांक वेगळा. तो कुणी काढला, वापरायचा हक्क कुठवर आहे, कुठल्या बातम्यांत वापरला, याची नोंद त्याच्याजवळ. पान कसं दिसायचं ते साचा ठरवतो. उद्या साचा बदलला तरी मजकुराला धक्का नाही. आणि एकच बातमी शंभर पाकिटांत राहू शकते.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट घडली कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स नावाच्या लहान गावात. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे प्रोग्रामर होते. बातमीची घाई अशी, की सकाळी सुचलेलं संध्याकाळी संकेतस्थळावर हवं. म्हणून 2003 मध्ये त्यांनी पायथन भाषेत स्वतःची अवजारं लिहायला घेतली. कुठल्या वस्तूला कुठले रकाने ते एकदा सांगितलं, की संपादकांना माहिती भरायचे फॉर्म आपोआप तयार! कचेरीत त्याला नुसतं 'सीएमएस' म्हणत. जुलै 2005 मध्ये ते जगाला फुकट खुलं केलं, तेव्हा गिटारवादक जँगो राइनहार्टवरून नाव ठेवलं 'जँगो'.

2006 मध्ये होलोव्हाटीने एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की बातमीदार नेमकी माहिती गोळा करतो आणि मग ती सलग मजकुरात पुरून टाकतो. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला पाऊणशेच्याही आत. हे आकडे वाक्यात राहिले तर ती त्या दिवसाची बातमी. ठिकाण, तारीख, पाऊस अशा रकान्यांत गेले, तर वीस वर्षांनी कुणीही त्यांची तुलना करू शकतो. 2007 मध्ये फ्लोरिडातल्या 'सेंट पीटर्सबर्ग टाइम्स'ने जँगो वापरून 'पॉलिटिफॅक्ट' सुरू केलं. पुढाऱ्याचं प्रत्येक विधान ही तिथे वेगळी नोंद: कोण बोललं, कधी बोललं, खरं की खोटं. 2009 मध्ये त्याला पुलित्झर मिळालं.

आणि त्याच 26 जुलैच्या मराठी बातम्यांचं काय?

इथे मात्र मन खट्टू होतं. त्या काळी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं आपापल्या खाजगी फाँटमध्ये होती. छपाईसाठी जुळवलेला मजकूर तसाच चढवायचा. पडद्यावर 'मुंबई' दिसे, पण संगणकाच्या लेखी ती निव्वळ रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग. फाँट नसेल तर पानभर गिचमिड. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, पण घरोघरच्या संगणकांपर्यंत ती पोचायला बरीच वर्षं गेली. रूप आणि मजकूर एकमेकांना चिकटवले, की काय होतं त्याचा हा आपला घरचा धडा. रूपांतर न केलेलं त्यातलं पान कुठे जपलेलं असलं, तरी 'मुंबई' टाइप करून ते सापडणार नाही. लोक कमरेएवढ्या पाण्यातून कसे घरी गेले, कुणी कुणाला आसरा दिला, हे लिहिलं गेलं होतं. ते पुसलंही गेलं नसेल. फक्त हाक मारली तर ओ देत नाही.

सॉफ्टवेअरला आपण उगाच मोठं मानतो असं मला वाटतं. खरं काम पाकिटावर नाव घालणाऱ्याचं. तो रकाना रिकामा राहिला, तर जँगो काय करणार?

आपल्या मंडळींना एकच सांगणं. लग्नामुंजीचे स्कॅन केलेले फोटो एकमेकांना पाठवता, त्या फायलींना नुसते आकडे असतात. आत्या, मावशी, आजोबा ओळखू येताहेत तोवर नावं, गाव आणि साल घालून ठेवा. युनिकोडमध्येच!